उताराचा ट्रॅक्टर

आमची चार एकर जमीन आहे असं सांगितलं की खालचे लोक, म्हणजे अचलपूर-चांदूर बाजारकडचे नातेवाईक, लगेच हिशेब करतात. चार एकर ना, मग भाड्याचा ट्रॅक्टर बोलवा, अर्ध्या दिवसात मोकळे. पण चिखलदऱ्याच्या पठारावरचे चार एकर असे एका जागी पसरून बसत नाहीत. आमचे तीन तुकडे आहेत. घरामागचा बऱ्यापैकी सपाट. मधला दगडी बांध घालून अडवलेला. आणि वरचा, ज्याला आजी नुसतं ‘टेकडा’ म्हणायची. वीतभर खणलं की मुरूम लागतो, त्याखाली काळा दगड. मोथ्याला स्ट्रॉबेरी पिकते, महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव निघतं, पर्यटक रीलमध्ये हेच दाखवतात. ती अकराशे मीटर उंचीच्या थंड हवेची कमाई आहे. जमीन मात्र तिरपीच आहे, आणि रीलमध्ये तिरपेपणा दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी आमचा एक बैल गेला. दुसरा म्हातारा झाला होता. शेजारच्या कोरकू घरात एकच बैल उरला होता, त्याला जोड म्हणून बाबांनी आमचा तिकडे दिला. नवी जोडी लाखाच्या खाली मिळत नव्हती. भाड्याचा ट्रॅक्टर खालची सगळी कामं उरकल्यावर घाट चढतो, म्हणजे ओल निघून गेल्यावर. शिवाय तो 45-50 एचपीचा. आमच्या मधल्या तुकड्यात वळताना त्याने एकदा सात हात बांध पाडला. तो रचायला बाबांना आठ दिवस लागले. तेव्हा ठरलं, आपला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, आणि जुना.

बाबा ‘छोटा’ म्हणत होते त्याला एक कारण होतं. त्यांचे थोरले चुलतभाऊ ट्रॅक्टरखाली गेले. लाकडांनी भरलेली ट्रॉली, चढ, आणि साखळी ड्रॉबारला न लावता वर टॉप लिंकच्या जागी अडकवलेली. ओढ इतकी वरून लागली की ट्रॅक्टरचं तोंड उचललं आणि तो मागे पालथा झाला. बाबा त्याबद्दल बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, “मोठा उलटला तं माणूस खाली जाते. लहानच बरा.”

मागे पालथं पडायची ही खोड ट्रॅक्टरइतकीच जुनी आहे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने 1926 मध्ये पेटंट घेतलेल्या तीन टेकूंच्या जोडणीने तिच्यावर बराचसा उपाय केला. नांगराला बसणारा जोर तिथे पुढची चाकं जमिनीवर दाबायला वापरला जातो. आज आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर मागे ते तीन हात घेऊन फिरतो. पण ती जोडणी अवजारासाठी आहे. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच. हे वाक्य मी ट्रॅक्टर शोधायला लागल्यापासून इतक्यांदा ऐकलं की आता कुणाच्याही ट्रॉलीच्या मागे गेले तर माझी नजर आधी तिथेच जाते.

छोटा म्हणजे सुरक्षित, हे मात्र मला पटेना. मी परतवाड्याला हिशेबाचं काम करते, ट्रॅक्टरमधलं मला काही कळत नव्हतं, पण आकडे कळतात. आपल्याकडचे मिनी ट्रॅक्टर मुख्यतः दोन कामांसाठी बनतात. कपाशीच्या तासांतून डवरणी, आणि बागेत झाडांच्या ओळींतून फवारणी. दोन्हीकडे ट्रॅक्टर अरुंद लागतो. अमरावतीच्या संत्रापट्ट्यात सहा-सहा मीटरवर झाडं असली तरी फांद्या पसरल्यावर मधे उरते ती बोळ. त्या बोळीत जो ट्रॅक्टर मावतो तोच चालतो. आणि जितकी चाकं जवळ, तितका आडव्या उतारावर तोल लवकर जातो. म्हणजे ज्या गुणामुळे तो खाली विकला जातो, तोच गुण आमच्या टेकड्यावर घातक. बाबांना मी हे वहीत चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, “पण स्वस्त आहे ना.”

आमची धाव खरं तर तेवढीच होती. बाबांकडे दीड लाख होते. माझ्याकडे स्कूटीसाठी जमवलेले एक लाख वीस हजार.

शोधाशोधीला मामा सोबत आले. मामांचं चांदूर बाजारकडे वर्षानुवर्षं गॅरेज होतं, आता डोळ्यांमुळे बंद आहे. ते म्हणाले, सकाळी सहाला निघू. मालकाला आदल्या दिवशी फोन करायचा नाही, रस्त्यात असताना करायचा. कारण इंजिन थंड असताना पाहायचं असतं. थंड इंजिन कसं सुरू होतं, किती वेळ खोकतं, धूर कोणत्या रंगाचा निघतो, यातच अर्धी गोष्ट कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर असला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. पांढरा धूर थंडीत जरा वेळ येऊन थांबला तर माफ. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढायचं. तिथून भकाभका वाफारा आला तर आतल्या रिंगा झिजल्या.

परतवाड्याच्या अलीकडे एका दलालाकडे गेलो. ट्रॅक्टर नव्या नवरीसारखा रंगवलेला, मीटरवर जेमतेम अकराशे तास. मी मीटरचा फोटो काढत होते.

“पोरी, मीटरले काय पाहतं? मीटर बदलता येते. पेडल पाह्य.”

ब्रेकच्या पेडलवरचं रबर संपून लोखंड चकाकत होतं. मामा गुडघ्यावर बसले आणि मागे ड्रॉबारच्या भोकात बोट घालून फिरवायला लागले. मलाही घालायला लावलं. भोक गोल नव्हतं, लांबट झालं होतं, एका बाजूने धार आलेली. “हा शेतात नव्हताच,” मामा म्हणाले. “यानं ट्रॉली ओढली. वीट म्हण, रेती म्हण.” मग त्यांनी सायलेन्सरजवळ हात नेला. “अन् हे सकाळीच गरम कावून आहे?” दलाल म्हणाला, “ताई, आत्ताच धुऊन आणला.” आम्ही चहा न घेता निघालो.

त्या दिवसापासून मला जुना ट्रॅक्टर वाचायचा नाद लागला. तो किती चालला हे मीटर सांगतं, खरं-खोटं काही तरी. तो काय करत होता हे त्याची झीज सांगते, आणि झिजेला रंग लावता येत नाही. ओढकामाचा असेल तर ड्रॉबार, ब्रेक आणि क्लच बोलतात. फवारणीचा किंवा रोटाव्हेटरचा असेल तर मागच्या पीटीओच्या दांड्याचे दाते बारीक झालेले असतात, पण ब्रेकचं रबर शाबूत. पाण्याच्या चिखलात राबलेला असेल तर पुढच्या ॲक्सलच्या सीलभोवती तेलाचा काळा थर. स्टिअरिंग चार बोटं फिरवूनही चाक हलत नसेल तर त्याने दगडाधोंड्यांतून काढलेली वर्षं त्या चार बोटांत आहेत.

दुसरा पाहिला तो चांदूर बाजारजवळ, संत्र्याच्या बागेत. पंधरा एचपी, एक सिलिंडर, दोन चाकांना जोर. मालक पासष्टीचे. त्यांनी नऊ वर्षं त्यावर फक्त फवारणीचा पंप चालवला होता, आणि झीजही तेच सांगत होती. भोक गोल, रबर जाड, पीटीओचे दाते तेवढे झिजलेले. किंमत एक लाख पंचेचाळीस हजार. मामांना आवडला. बाबांना तर इतका आवडला की त्यांनी त्याच्या बोनेटवर हात ठेवला, जसा बाजारात बैलाच्या वशिंडावर ठेवतात. माझ्या पोटात गोळा आला, कारण तो खरंच चांगला होता.

पण आमच्यासाठी नव्हता. एक तर साध्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाची ताकद उंचीवर कमी होते, हवा विरळ असते म्हणून. तीनशे मीटरमागे साधारण तीन टक्के. आमच्या घरापर्यंत चढेस्तोवर पंधरातला दीड एचपी घाटातच गळून जाणार. उरलेल्यात तीन फुटी रोटाव्हेटर मुरमात अडणार. तेही चाललं असतं. चाकांमधलं अंतर चालत नव्हतं. परतीच्या वाटेवर धामणगाव गढी सोडून घाट सुरू झाला, आणि बाबा बसच्या खिडकीतून दरीकडे बघत म्हणाले, “तू सांगतं ते बरोबर असन. पण तुया गाडीचे पैसे ट्रॅक्टरमंधी नाई घालाचे.” मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक फळी घेतली. शेतात जागोजागी ती उताराला धरून ठेवायची, वर मोबाईल, आणि लेव्हलचं ॲप. फुकट मिळतं, बहुतेक फोनमध्ये आधीच असतं. घरामागे 3 अंश, 4 अंश. मधल्या तुकड्यात 8 ते 11. टेकड्यावर 17, एका ठिकाणी 22. मामांचा नियम होता की पंधराच्या वर अशा यंत्राला आडवं नेऊच नये, आणि दहाच्या वर ते रुंद करून न्यावं. मी आकडे कागदावर लिहून बाबांना दिले. त्यांनी ते तुकड्यातुकड्याने वाचले. बावीसवर त्यांचं बोट थांबलं. ती जागा त्यांनी तीस वर्षं बैलांनी वाहिली होती.

तिसरा ट्रॅक्टर अंजनगाव सुर्जीकडे मिळाला. चोवीस एचपीचा, चारही चाकांना जोर. दिसायला भयंकर. बोनेटला पत्र्याचं ठिगळ, सीटवर गोणपाट. दोन लाख नव्वद सांगत होते. पुढच्या ॲक्सलचं सील गळत होतं, एक टायर टकलं होतं. मामांनी मागे मालकाचा रोटाव्हेटर लावून लिफ्ट पूर्ण वर नेली, इंजिन बंद केलं आणि आम्हाला म्हणाले, आता चहा घेऊ. वीस मिनिटांनी रोटाव्हेटर दोनेक बोटं खाली आला होता, त्याहून जास्त नाही. मग गावतलावाच्या बांधावरून बाबांनी स्वतः तो उतरवला, खालच्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता. चार चाकांचा जोर चढायला लागतो असं लोकांना वाटतं. तो उतरताना जास्त कामाचा, कारण इंजिनचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. एक सांगायला हवं, त्याने पकड वाढते, तोल नाही. तोल वाढवायला मागच्या रिमा उलट्या बसवून अंतर वाढवता येतं का ते पाहायचं. सगळ्या ट्रॅक्टरांना जमत नाही, याला जमत होतं.

कागद पाहायचं काम माझं. आरसी, विमा, विक्रीचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. हे आरटीओत कळतं. पण ट्रॅक्टरचं कर्ज शेतीवर घेतलेलं असेल तर बोजा मालकाच्या सातबाऱ्यावरही बसतो, म्हणून तोही ऑनलाइन काढून इतर हक्काचा रकाना पाहिला. आणखी एक. समाजकल्याणच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर 9 ते 18 एचपीचे मिनी ट्रॅक्टर मिळत आले आहेत. ते गटाला परस्पर विकता येत नाहीत. तरी कुणी ना कुणी गुपचूप विकायला काढतो, आणि तो ‘स्वस्तातला सौदा’ घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. एक असा आम्हालाही दाखवला होता. दाखवणाऱ्याचा आवाज आपोआप खाली गेला, तेवढ्यावरच मामांनी ओळखलं.

सील आणि टायर मोजून सौदा दोन लाख पासष्टवर तुटला. बाबांचे दीड लाख, उरलेले माझे. घरी आईने मध्यस्थी केली नाही, जी ती नेहमी करते. ती एवढंच म्हणाली की पोरीचे पैसे असतील तर ट्रॅक्टर पोरीच्या नावावर करा. बाबा अर्धा तास अंगणात बसले. मग आत येऊन त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं.

रिमा उलटवल्या, मागच्या टायरांत पाऊणपर्यंत पाणी भरलं, म्हणजे वजन खाली बसतं. वर लोखंडी कमान बसवायची आहे, उलटला तरी माणूस चेंगरू नये म्हणून. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती 1959 पासून सक्तीची केली. आपल्याकडच्या जुन्या मिनींवर ती बहुधा दिसतच नाही, आणि गावातल्या वेल्डरने अंदाजाने वाकवलेल्या पाइपचा उपयोग नसतो, म्हणून मोजून बनवलेलीच मागवणार आहे. पुढच्या दोन पगारांत होईल. तोवर टेकड्याला ट्रॅक्टर जात नाही. तिथे कुटकी पेरली, शेजाऱ्यांच्या जोडीने, ज्यात एक बैल आमचा आहे.

आता आजूबाजूचे लोक वाहीसाठी विचारायला येतात. बाबा भाडं सांगायच्या आधी मला फळी आणि मोबाईल घेऊन पाठवतात. मागच्या रविवारी एक शेत 19 निघालं. बाबा नाही म्हणाले. त्या काकांना राग आला, खालून मोठा बोलावतो म्हणाले. बाबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि लाकडांच्या त्या ट्रॉलीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.