आम्ही आणि आपण

मराठीच्या व्याकरणात एक बारकावा आहे. 'आम्ही बाजारास जातो' असे म्हटले म्हणजे ऐकणारा घरी राहतो. 'आपण बाजारास जाऊ' असे म्हटले म्हणजे तो वहाणा शोधू लागतो. संस्कृतात 'आवाम्' आणि 'वयम्' असा द्विवचन-बहुवचनाचा भेद आहे. परंतु ऐकणाऱ्यास आत घेणारा एक शब्द आणि बाहेर ठेवणारा दुसरा, अशी सोय तीत नाही. इंग्रजीत तर द्विवचनही नाही आणि ही सोयही नाही. मात्र परतवाड्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या ज्या रांगा लागतात, त्यांत राहणाऱ्या कोरकू लोकांच्या भाषेत दोन्ही गोष्टी आहेत. ऐकणाऱ्यास वगळून 'आले', त्यास धरून 'आबुंग'. आणि केवळ दोघांविषयी बोलावयाचे असेल, तर याच दोन अर्थांचे आणखी दोन निराळे शब्द.

आमचा उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यात गेला. द्विवचन हे गीर्वाणवाणीचे वैभव, प्राकृतांनी ते गमावले, असे आम्ही शिकलो व शिकविले. ते द्विवचन धारणी-चिखलदऱ्याच्या रानात गुराखी पोरांच्या बोलण्यात आजही नांदत आहे, ही गोष्ट कोणाही शास्त्र्यास क्षणभर थांबवील, यात संशय नाही.

हा विषय काढण्यास कारण घरगुती आहे. आमच्या वडीलबंधूंची नात बी. ए. झाली. एम. ए. ला मानवशास्त्र घ्यावे आणि पुढे कोरकूंचा इतिहास, संस्कृती व समाज यांवरच प्रबंध लिहावा, असा बेत तिने बोलून दाखविला. आमचे कुटुंब अद्याप एका चुलीचे आहे. त्यामुळे प्रत्येकाचे मत पडले. वडीलबंधू म्हणाले, "एवढी हुशार पोर, तिने रानात जाऊन शिकायचे ते काय?" अकोल्यास दिलेल्या आमच्या अक्कांना तिच्या लग्नाची चिंता, तर सूनबाईंस तिकडच्या पाण्याची आणि हिवतापाची. ही सारी बोलणी मायेपोटीच झाली. म्हणूनच त्यांस नीट उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटले.

शिकायचे काय, हा पहिला प्रश्न. कोरकू भाषा मराठीच्या गोतातली नव्हे आणि शेजारच्या गोंडीच्याही गोतातली नव्हे. तिचे भाऊबंद दूर पूर्वेस छोटानागपुरात आहेत: मुंडारी, संथाळी, हो. पाण्यास कोरकू 'डा' म्हणतो आणि शेकडो कोस दूरचा मुंडा 'दा' म्हणतो. या कुळातील सर्वांत पश्चिमेची भाषा आपल्या वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर बोलली जाते. 2011 च्या जनगणनेत ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे 7 लाख 27 हजार लोक होते. संथाळीस 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकूस ते मिळालेले नाही. डेक्कन कॉलेजातील विद्वान के. एस. नागराज यांनी कोरकूचे विस्तृत व्याकरण लिहिले, ते 1999 साली छापले गेले टोकियोत! परतवाड्याच्या माणसाने शेजाऱ्याची भाषा समजून घेण्यास जपानच्या वाटेकडे पाहावे, याला काय म्हणावे?

कथांचेही तसेच. चिखलदरा म्हणताच आपणांस कीचक आणि त्यास दरीत लोटणारा भीम आठवतो. कोरकूंची कथा निराळी. रावणाने विंध्य-सातपुड्याचे डोंगर निर्मनुष्य पाहिले आणि ते वसवावेत म्हणून महादेवास विनविले. महादेवाने वारुळाची तांबडी माती घेऊन स्त्री-पुरुषांच्या मूर्ती घडविल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडविल्या. असे पुनःपुन्हा झाले. तेव्हा महादेवाने प्रथम कुत्रा घडविला, त्याने घोडे हाकलले आणि मग मुला व मुलाई हे आद्य दांपत्य जिवंत उभे राहिले. महादेव तोच, रावणही तोच. पण येथे रावण डोंगरास माणसे मागतो. ज्यांनी रामकथा केवळ एकाच अंगाने ऐकली आहे, त्यांस ही कथा पुष्कळ विचार करावयास लावील.

ही कथा रसेल साहेब आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 सालच्या चार खंडांच्या ग्रंथात नोंदलेली आहे. तो ग्रंथ मोलाचा खरा. परंतु त्याची दृष्टी राज्यकर्त्याची आहे. ज्यांच्यावर राज्य करावयाचे, ते कोण, याची ती मोजदाद. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजविणारे डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1943 साली ग्रंथ लिहून, हे लोक म्हणजे मागासलेले हिंदूच होत, असा पक्ष मांडला. वेरियर एल्विन यांचा पक्ष असा होता, की त्यांच्या जीवनात बाहेरच्यांनी हात घालू नये, निदान घाईने तरी घालू नये. दोघेही थोर अभ्यासक. तथापि दोन्ही पक्षांत ज्यांच्याविषयी वाद चालला, ते 'ते' च राहिले. 1946 च्या डिसेंबरात जयपालसिंग मुंडा संविधान सभेत उभे राहिले आणि आदिवासींच्या वतीने 'आम्ही' म्हणून बोलले, तेव्हा तिसरा आवाज देशाने ऐकला. आपल्या महाराष्ट्रात महादेव कोळी समाजात जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनी मराठीत आदिवासींविषयी ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. या विद्येची खरी प्रगती या क्रमात दिसते.

आता दुसरा प्रश्न: असल्या अभ्यासाचा उपयोग काय? यास आम्ही घरात एक परदेशचे उदाहरण सांगितले. ऑस्ट्रेलियातील एका विद्यापीठात एडी माबो नावाचे गृहस्थ माळीकाम करीत. ते टॉरेस सामुद्रधुनीतील मरे बेटाचे मूळ रहिवासी. तेथील इतिहासाच्या अध्यापकांशी बोलताना त्यांस कळले, की पिढ्यान्‌पिढ्या आपली म्हणून कसलेली जमीन कायद्याने सरकारची आहे. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी दावा लावला; बेटावरील वहिवाट, हद्दी, वारसा यांची साक्ष काढण्यात आली. 1992 च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ती भूमी पूर्वी कोणाचीच नव्हती, ही जुनी समजूत टाकून दिली. माबो मात्र त्याआधी काही महिनेच वारले होते.

आपल्याकडेही तशीच वाट आहे. वनहक्कांचा कायदा 2006 साली झाला. त्याच्या तेराव्या नियमात, हक्काचा पुरावा म्हणून काय चालेल, याची यादी आहे. तीत वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब आहेत, जुन्या विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने आहेत आणि नामांकित संस्थांनी रूढी-परंपरांविषयी केलेले संशोधनही आहे. म्हणजे आमच्या नातीने एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसून जे टिपून घ्यावयाचे, ते उद्या एका गावाच्या हक्काचा कागद होऊ शकते. तसेच ते चुकीचे लिहिले, तर त्याच गावाच्या आड येऊ शकते. परीक्षेतील उत्तर चुकले तर गुण जातात. येथे रान जाईल.

हे दूरचे बोलणे नव्हे. 1973 साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. वाघ राहिला पाहिजे, हे सर्वांस मान्य. पुढे गाभ्यातील काही गावे उठवून खाली आणली. त्यांतील काही अकोट तालुक्यात वसविली गेली. नव्या जागी सोयी नाहीत, अशी तक्रार करीत त्यांतील काही कुटुंबे 2019 च्या जानेवारीत वर परत गेली आणि तेथे संघर्ष झाला. गाव हलविताना घरांची मोजणी होते. पण झाडाखालचा मुठवा देव, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले सूर्यचंद्र कोरलेले लाकडी स्तंभ, यांची किंमत कोणत्या रकान्यात मांडावी? आपली कुलदेवता आणि वंशावळ जीव लावून जपणाऱ्या घरांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

वऱ्हाडातील शेतकरी घरांत कापूस वेचावयास आणि हरभरा काढावयास मेळघाटातून माणसे येत असतात. मजुरीच्या वहीत त्यांची नावे असतात. वहीबाहेरचे त्यांचे काहीच आपणांस ठाऊक नसते. वर्तमानपत्रे मेळघाटाचे नाव वाघासाठी घेतात किंवा, 1993 साली बालमृत्यूंची हाकाटी झाली तेव्हापासून, कुपोषणासाठी. ज्यांस वाघ नाही आणि आजारही नाही, त्या दिवशी हे लोक काय बोलतात, काय गातात, कशास हसतात, हे सांगणारे कोणी तरी हवे.

अखेर घराने अनुमती दिली. अक्कांची चिंता पुरती मिटली नाही, ती मिटूही नये. सूनबाईंनी मच्छरदाणी आणि औषधे यांची यादी केली. आम्ही वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रश्नावली छापण्याच्या आधी भाषा शीक. दुभाष्याच्या तोंडून संस्कृती कळत नाही. दुसरी, जो सांगेल त्यास गुरू मान आणि त्याच्या अनुमतीने त्याचे नाव लिही. 'एका वृद्धाने सांगितले' एवढ्यावर भागवू नकोस. तिसरी, कुटकीचा भात पुढे आला तर नाक मुरडू नकोस. चौथी, प्रबंध विद्यापीठात देण्यापूर्वी त्या गावात कोरकूत वाचून दाखव आणि ते 'असे नव्हे' म्हणतील तेथे खोडून लिही.

यावर तिने विचारले, "आणि वर्गात एखादी कोरकू मुलगीच माझ्याशेजारी बसलेली असली तर?" आम्ही म्हटले, "तर निम्मे काम तिचे. तुझे नाव तिच्यानंतर घाल."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी उद्या असा प्रश्न निघेल, त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलांस अडविण्यापूर्वी तो विषय आपण स्वतः थोडा वाचून पाहावा. 'आपण' हा शब्द संस्कृत 'आत्मन्' पासून आला आहे. ऐकणाऱ्यास सामावून घेणाऱ्या शब्दाच्या मुळाशी आपल्या भाषेने आत्माच ठेवला आहे. त्याचा अर्थ पुस्तकात शिकविण्यास आमच्यासारखे मास्तर पुरतात, परंतु तो उमजण्यास घाट चढून वर जावे लागते.