डावा हात

आम्ही जन्माने डावखुरे. पहिल्या वर्गात पाटीवर डाव्या हाताने ‘अ’ काढला, तेव्हा गुरुजींनी बोटांवर छडी मारली. घरी आईने जेवताना आमचा डावा हात पदराने बांधला. तिला दोष कसा द्यावा? “लोक आपल्याला आधीच दूर बसवतात, त्यात हे आणखी कशाला?” असे ती म्हणे. आम्ही उजव्या हाताने लिहू लागलो. पण मोहफुले वेचताना आजही डावाच हात पुढे जातो.

इतिहासाच्या अभ्यासात या हाताची वंशावळ सापडली. पूर्व आफ्रिकेतील कूबी फोरा येथील दगडी छिलक्यांवरून, सुमारे चौदा ते एकोणीस लाख वर्षांपूर्वीचे हत्यार घडवणारे बहुधा उजवे होते, असे निकोलस टोथ यांनी १९८५ साली मांडले. दातांत मांस धरून ते दगडी पात्याने कापताना निअँडरथल मानवाच्या दातांवर ओरखडे उमटत. त्यांच्या दिशेवरूनही बहुतेक उजवे आणि थोडे डावे, असेच दिसते. आज जगात दहांपैकी सुमारे एक माणूस डावखुरा आहे. आईच्या उदरातील बाळसुद्धा बहुधा एकाच हाताचा अंगठा चोखते. याला कोणतेही एक जनुक कारण नाही. एकाच रूपाच्या जुळ्यांतही एक उजवा, दुसरा डावा असू शकतो. यात ना पाप, ना पूर्वजन्म.

मग कमीपणा आला कोठून? तो समाजाने चिकटवला. दक्षिणेत तर जातींचीच ‘उजव्या हाताच्या’ आणि ‘डाव्या हाताच्या’ अशी विभागणी झाली. कर्नाटकात होलेय ‘बलगै’, तर मादिग ‘एडगै’ ठरले. दोघेही अस्पृश्यच, तरी उजवे-डावे म्हणून एकमेकांपासून तोडले गेले. निसर्गातला फरक घेऊन त्याची उतरंड रचणे, हीच जातीची रीत.

हे सारे ठाऊक असूनही आमच्या हातून चूक घडली. काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलाने फळ्यावर डाव्या हाताने गणित मांडले. आम्ही सवयीने खडू काढून त्याच्या उजव्या हातात दिला. नंतर आठवडाभर तो फळ्याजवळ आला नाही. एका रात्री आईचा तो पदर आठवला आणि झोप लागली नाही. सकाळी वर्गासमोर आम्ही त्याची क्षमा मागितली व खडू त्याच्या डाव्या हातात ठेवला. त्याने गणित पूर्ण केले. उत्तर बरोबर होते.

विहारातील बुद्धमूर्तीचा उजवा हात भूमीला स्पर्श करतो. डावा मांडीवर शांत विसावतो. कालामांना तथागतांनी सांगितले की, केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नका. पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी एखादे लेकरू डाव्या हाताने पाटी-पेन्सिल धरत असेल, तर तो हात बांधू नका. लिहिते हात आपल्याला फार उशिरा मिळाले आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!