टँक म्हणजे काय?

शिक्षकाला सर्व काही येते, असे तुम्हांला वाटते ना? लहानपणी मलाही तसेच वाटे. पुढे मी बी.एड. झालो, हातात खडू घेतला, आणि खरी गोष्ट कळली.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. तेच माझे गाव. एकदा सातवीच्या वर्गात मी वाफेच्या इंजिनांविषयी शिकवत होतो. पुस्तकात ‘टँक इंजिन’ असा शब्द आला. लगेच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

“सर, टँक म्हणजे रणगाडा ना? मग रेल्वेत रणगाडा कशाला?”

सगळा वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. पण तसे म्हणायची लाज वाटली. मी मोठ्या आवाजात सांगितले, “टँक इंजिन म्हणजे प्रवाशांना पिण्याचे पाणी पुरवणारे इंजिन.” मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, पूर्णा येथे रेल्वेत फायरमन होते. त्या वेळी पूर्णा-अकोला ही लाइन मीटर गेजची होती. ती 2008 साली ब्रॉडगेज झाली. इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणे हे नानांचे काम. संध्याकाळी मी त्यांना वर्गातली गोष्ट सांगितली. हसता हसता त्यांना खोकला लागला.

“बेटा, पाणी प्रवाशांसाठी नव्हे, इंजिनासाठी! पाण्याशिवाय वाफ कशाची होणार?”

मग त्यांनी समजावून सांगितले. लांब पल्ल्याच्या इंजिनामागे एक वेगळा डबा जोडलेला असतो. त्याला टेंडर म्हणतात. त्यात कोळसा आणि पाणी असते. टँक इंजिनाला टेंडर नसते. बहुतेक टँक इंजिनांत बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असतात आणि थोडा कोळसा ड्रायव्हरच्या मागे असतो. तुम्ही भिश्ती पाहिला नसेल, पण त्याच्याविषयी ऐकले असेल. तो पाण्याची मशक स्वतःच्याच अंगावर घेऊन चालतो. टँक इंजिन तसेच.

“याचा फायदा काय?” मी विचारले.

“टेंडरचे इंजिन उलटे चालवताना ड्रायव्हरला पुढचे नीट दिसत नाही. म्हणून शेवटच्या स्टेशनावर त्याला गोल चकतीवर चढवून फिरवावे लागते. टँक इंजिन पुढे जाते तसेच मागेही येते. शिवाय पाण्याचे वजन चाकांवर पडते, म्हणून चाके रुळांवर घसरत नाहीत.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलांसमोर चूक कबूल केली, तर ती उद्या माझे ऐकतील का? आणि नाही केली, तर 40 वह्यांत माझे खोटे तसेच राहील. तीच मुले परीक्षेत तेच उत्तर लिहितील, आणि मीच त्यांना गुण देईन!

सकाळी वर्गात गेलो आणि म्हणालो, “काल मी चुकीचे सांगितले. मला माहीत नव्हते. ती ओळ खोडा.” कोणी हसले नाही. पण तोच मुलगा पुन्हा उभा राहिला. “सर, मग टाकीतले पाणी वाटेत संपले तर?”

या वेळी मी सरळ सांगितले, “मला ठाऊक नाही. विचारून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी नानांनाच वर्गात आणले. फळ्यावर इंजिन काढून नाना म्हणाले, “म्हणून तर ते लांब जात नाही. जवळच्या जवळ फेऱ्या करते आणि वाटेत पुन्हा पाणी भरते.” नेरळ-माथेरान मार्गावर ‘वॉटर पाईप’ नावाचे स्थानकच आहे, हेही त्यांनी सांगितले.

तेव्हापासून मला या इंजिनांविषयी वाचायचा नाद लागला. माथेरानची छोटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. सुमारे 16 लाख रुपये खर्च आला आणि 1907 साली ती सुरू झाली. तिची टँक इंजिने जर्मनीहून आणली होती. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे आणि वळणे फार! म्हणून त्या इंजिनांचे पुढचे व मागचे आस वळणावर थोडे सरकतील, अशी सोय केली होती.

मोठ्या शहरांतील रोजच्या ये-जा करणाऱ्या गाड्यांनाही अशीच इंजिने सोयीची. मुंबईत 1925 साली विजेची लोकल सुरू झाली. पण इतर शहरांसाठी चित्तरंजनच्या कारखान्यात 1959 पासून टँक इंजिने तयार झाली. त्यांचे नाव डब्ल्यू. टी. आणि गंमत पाहा, दूर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या आसपास धावणाऱ्या टँक इंजिनांचेही नाव डब्ल्यू. टी. होते! ती 1946 ते 1950 या काळात तयार झाली. कोणत्याही कामाला चालत, म्हणून लोक त्यांना ‘जीप’ म्हणत.

दिवाळीच्या सुटीत मी नानांना नेरळला घेऊन गेलो. तेथे एक जुने टँक इंजिन जपून ठेवले आहे. नाना काठी टेकत त्याच्याभोवती एकदा फिरले. मग त्यांनी टाकीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “रिकामी आहे.”