थ्रेड : महाडचे पाणी आणि ‘प्राचीन’ हा शब्द

१/ महाड-पोलादपूरकडे येणारे सहलींचे गट बहुधा एकाच क्रमाने फिरतात : रायगड, शिवथरघळ, उमरठ आणि वेळ उरलाच तर गांधारपाले लेणी. इतिहास विभागातील आम्ही अकरा जण तीन दिवसांसाठी निघालो, तेव्हा यादी करतानाच वाद झाला. एक मित्र म्हणाला, “चवदार तळं कशाला? आपली सहल प्राचीन स्थळांची आहे.” हा थ्रेड त्या आक्षेपाविषयी आहे.

२/ आधी भूगोल. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर व महाडवरून वाहत बाणकोटला समुद्रास मिळते. रायगडाकडून येणारी गांधारी महाडजवळ तिला भेटते. खाडीमार्गे येणारा माल येथे उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढे. या संगमाजवळ, महाडपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत.

३/ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील येथील एका शिलालेखात कुमार विष्णुपालिताने दिलेल्या दानाची नोंद आहे : लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी. महाराष्ट्रातील लेण्यांच्या लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. भिक्षूंना निवाऱ्याइतकीच पाण्याची गरज होती, म्हणून टाके खोदणे हेही पुण्य मानले गेले आणि दगडावर नोंदले गेले.

४/ पोलादपूर तालुक्यातील उमरठला आम्ही तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी थांबलो, दुसऱ्या दिवशी रायगड चढलो. १६७४ मध्ये जेथे राज्याभिषेक झाला, ती राजधानी गंगासागरासारख्या तलावांवर आणि टाक्यांवर तगून होती. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही सांगितले आहे.

५/ आता चवदार तळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात काहीही बदलले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले.

६/ २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. मग काही सवर्ण रहिवासी न्यायालयात गेले. त्यांचा दावा होता की तळे त्यांचे असून, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे.

७/ १९२७ च्या महाडच्या मुक्कामातच बाबासाहेब व त्यांचे सहकारी रायगड आणि जवळची बौद्धकालीन लेणी पाहण्यास गेले होते. म्हणजे आपण ज्या वाटेवर सेल्फी काढतो, त्याच वाटेने एक गट जुने दगड वाचत गेला होता. त्या गटाच्या लेखी लेणी आणि तळे हे दोन वेगळे विषय असतील, असे मला वाटत नाही.

८/ स्थळदर्शनही सर्वांना सारखे मोकळे नव्हते. १९३४ मध्ये सुमारे तीस जणांचा गट बाबासाहेबांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी, वेशीबाहेरच्या छोट्या हौदात त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा आरोप करीत जमाव चालून आला. शेवटी कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत सशस्त्र शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

९/ महाडच्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. ही प्रथा अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तळ्याभोवती सवर्णांची घरे होण्यापूर्वी अशी मनाई करण्याचे कोणाला कारण तरी काय असणार, अशी शंकाही व्यक्त झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा निकाल अवश्य वाचावा. ‘पूर्वापार’ या शब्दाला तेथे पुरावा मागितला गेला आणि पुरावा पुढे आला नाही.

१०/ माझ्या मित्राला मी जे उत्तर दिले, ते येथे पुन्हा मांडतो. गांधारपाल्याचे टाके प्राचीन आहे, हे लिपीवरून आणि भाषेवरून ठरते. तळ्यावरची बंदी प्राचीन आहे, हे मात्र काही माणसांनी सांगितले म्हणून मानले गेले. दोन्हींसाठी आपण एकच शब्द सहज वापरतो. सहलीची यादी करताना ‘प्राचीन’ काय आणि ‘अलीकडचे’ काय हे ठरवणे म्हणजेही इतिहास लिहिणे होय.

११/ आम्ही लेणी आणि तळे एकाच दिवशी पाहिली. तुम्ही गेलात, तर तसेच करा : सकाळी टाक्यांपाशी, दुपारी तळ्याच्या पायऱ्यांवर. आणि परतल्यावर आपल्या गावच्या जुन्या विहिरीची चौकशी करा. ती कोणी खोदली, कोणाला मज्जाव होता, तो कधीपासून आणि त्याचा कागद कोठे आहे? जे सापडेल ते येथे खाली लिहा.