आप्पा, बॉनेट बंद झालं

आप्पा,

सुरतेला गेल्यापासून फोनवर म्हसावदचं पाऊसपाणी विचारता, पपईचा भाव विचारता, जीपचं मात्र नाव काढत नाही. रुसलात ना?

चूक माझीच. तुमचा सिंगल बॅरल कार्बोरेटर काढून मी भंगारातून सहा सिलिंडरच्या गाडीचा डबल बॅरल आणला. म्हटलं, तोरणमाळच्या घाटात पळेल. पळाली की! पण रेस पूर्ण दाबली तरच. राणीपूरला पोरं चढवायला थांबलो, तर बंद. पुन्हा चालू केली, पाय दिला, की भक्क करून गप्प. मोठ्या तोंडातून वारा संथ जाणार, मग पेट्रोल ओढणार कोण?

परवा कागद घेऊन बसलो. इंजिन २,१९९ सीसीचं, दोन फेऱ्यांत एकदा तेवढी हवा घेणार. ४,००० फेऱ्यांना मिनिटाला ४,४०० लिटर, तेही सिलिंडर काठोकाठ भरले तर. खरं म्हणजे साडेतीन हजार धरा. त्याहून मोठा कार्बोरेटर म्हणजे नुसता रुबाब. तुम्ही हे गणित न मांडता कसं ओळखायचात?

आणि बॉनेट! महायुद्धाच्या घडणीच्या बसक्या जीपमध्ये हरिकेन इंजिन बसवायची हौस तुमची. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, हेडच्या डोक्यावर कार्बोरेटर. म्हणून तर १९५३च्या सीजे-३बीला विलीजने बॉनेटच उंच केलं. तुम्ही काय केलंत? बिजागरीखाली दोन लाकडी ठोकळे! मी वर अडॅप्टरची प्लेट घातली, तर ठोकळेही पुरेनात. महिनाभर बॉनेट सुतळीने बांधून फिरलो. हसू नका.

आता तुमचाच जुना कार्बोरेटर परत चढवलाय, पॅकिंग नवं. बॉनेट बंद झालं. पण प्लग पांढरे पडतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय, त्यात स्वतःचाच ऑक्सिजन. जुन्या जेटवर पेट्रोल कमी पडतं. जन्मभर ऊस लावलात, आणि त्याच उसाने तुमच्या जीपला छळावं! मेन जेट एक नंबर वाढवला तर इथे प्लग बिस्किटाच्या रंगाचे होतात. पण तोरणमाळला, हजारावर मीटर उंचीवर, हवा विरळ. तिथे तोच जेट काजळी धरतो.

मग तुम्ही इतकी वर्षं खाली-वर कसं केलंत? काकू ओरडायची आठवतं का, "यांच्या खिशात पुन्हा पितळी मणी निघाला" म्हणून? धुणं वाळत घालता घालता ती तो बटणांच्या डब्यात टाकायची. मला तेव्हा मणीच वाटला होता.

डबा तिने सुरतेला नेलाय. तो मणी शोधा. जेटच्या कडेला बारीक आकडा कोरलेला असतो. चष्मा लावून वाचा आणि कळवा.

तुमचा पुतण्या