आबांची पाऊणकी आणि घरातलं कोडिंग

प्रिय वहिनी,


थोरलीला कोडिंगच्या ऑनलाइन क्लासला घालू का, असं तू परवा फोनवर विचारलंस. माझं म्हणणं, इतक्यात घालू नकोस. आधी तुम्ही सगळे मिळून शिकायला बसा. हे पत्र त्यासाठीच आहे. आबा, दादा आणि दोन्ही पोरं समोर असतील तेव्हा मोठ्याने वाच.

पुण्यात मुलांना कोडिंग शिकवणं हे माझं रोजचं कामच, त्यामुळे एकटी शिकणारी मुलं कुठे अडतात ते मी जवळून बघते. सुरुवातीला पडद्यावर मांजर नाचवण्यात मजा येते. मग पुढे काय करायचं तेच सुचत नाही, कारण क्लासमधला प्रश्न दुसऱ्याच कुणाचा असतो. घरी दाखवावं तर सगळे ‘छान’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. पोरांची बोटं भराभर चालतात, पण सोडवण्याजोगे प्रश्न मोठ्यांकडे असतात. आपल्या घरात ते भरपूर आहेत.

आबांचंच घे. त्यांचं आजोळ दासगावचं, खाडीकाठचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पक्ष शुद्ध असो की वद्य. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून रोज पाऊण तास धरला की काम भागतं. वहिनी, हा तयार प्रोग्रॅमच आहे गं. तिथी द्यायची, तीनने गुणायचं, चाराने भागायचं, वेळ मिळते. आबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी शाळेत घोकली; पोरांना ती कुणी शिकवलीच नाही. तेव्हा पहिल्या दिवशी मास्तर आबा.

भाषा पायथन घ्या. गिडो व्हान रॉसम या डच माणसाने ती १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून तिच्यात आपण ठेवलेली नावं देवनागरीत चालतात. म्हणजे प्रोग्रॅममध्ये सरळ ‘तिथी’ आणि ‘भरती’ लिहायचं. प्रोग्रॅमने तिथी विचारली की आबांनी मराठी ४ टाइप केला तरी तो आकडा ओळखला जातो. ‘इफ’, ‘प्रिंट’ असे मोजके शब्द तेवढे इंग्रजीत राहतात, ते थोरली सांभाळेल.

आता त्रयोदशी टाकून बघा. उत्तर येईल ९.७५. धाकटा म्हणेल, नऊ वाजून पंचाहत्तर मिनिटं. आबा म्हणतील, पावणेदहा. दोघांना भांडू दे, मध्ये पडू नकोस. पूर्णांक वेगळा काढायचा आणि उरलेल्या ०.७५ ला ६० ने गुणायचं, हे त्या भांडणातूनच कुणाला तरी सुचेल. कुणाला सुचलं ते मला कळव.

त्रयोदशी मी मुद्दाम घेतली. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशीच होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे समुद्राला उधाण. वर महाबळेश्वरला त्या सुमारास २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी सावित्री नदीने आपल्या दारावरून महाडला जातं, आणि खाडीला भरती असली की तिथे तुंबतं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपण सगळ्यांनीच ते दिवस भोगले आहेत. म्हणून दुसरा प्रोग्रॅम पावसाचा करा. महाबळेश्वरचा पाऊस किती, आपल्याकडचा किती, भरती कधी, हे रोज भरायचं. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, तीच वेळ तुम्हीही पाळा. दादा आंबेनळी घाटातून गाडी घेऊन येतो तेव्हा नदीचं पाणी कसं दिसतं हे त्याला विचारून लिहायचं. एक मात्र बजावते: पुराच्या भीतीने घर सोडायचं की नाही हे या प्रोग्रॅमवरून ठरवायचं नाही. तहसीलचा निरोप आला की निघायचं. तिथीच्या हिशेबात तासाभराची चूक सहज पडू शकते.

मुलांच्या हाती यंत्र देण्याची कल्पना काही नवी नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हातात ते छोटे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही ती जागतिक योजना. यंत्र मुलाचं स्वतःचं असावं आणि त्याने ते घरीही न्यावं, हे तिचं तत्त्व. तिच्यामागे सिमोर पॅपर्ट यांचा विचार होता. मुलांसाठीची लोगो ही भाषा १९६७ मध्ये ज्यांनी घडवली, त्यांच्यापैकी ते एक. यंत्राने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने यंत्राला शिकवावं, असं ते मांडत. मला त्यात एवढीच भर घालायची आहे, की शिकवायला मूल एकटं नसावं.

आणि आता तुझ्याबद्दल. जेवणं झाल्यावर सगळे लॅपटॉपभोवती आणि तू मोरीत भांडी घासत, असं होणार असेल तर हा उद्योग सुरूच करू नका. दादा, हे तुझ्यासाठी: त्या दिवशी भांडी तू घासायची. बचत गटाची वही वहिनी लिहिते. कुणाचा हप्ता चुकला, अंतर्गत कर्जावर व्याज किती, गैरहजेरीचा दंड कुणाला, हे सगळे ‘जर-तर’ तिच्या डोक्यात पक्के आहेत. थोरलीने नुसतं टाइप करायचं, नियम वहिनीने सांगायचे. बायकांची नावं मात्र प्रोग्रॅममध्ये घालू नका, सभासद क्रमांक घाला. गटाचा हिशेब गटातच राहू दे.

माझा जुना लॅपटॉप पुढच्या आठवड्यात गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देते. पायथन त्यात घालून ठेवलंय, नेटची गरज लागणार नाही. पावसात लाईट गेली तरी थोडा वेळ बॅटरीवर चालेल. पुढच्या पौर्णिमेला तुमचा प्रोग्रॅम काय वेळ सांगतो ते लिहून ठेवा, शेजारी छापील भरतीच्या तक्त्यातली वेळ लिहा आणि फरक किती मिनिटांचा ते मला फोनवर सांगा. फोन धाकट्याने करायचा.

तुझी,
नणंद