रानांतला पाहुणा

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें सायकलवर बिऱ्हाड बांधून कोल्हापुराहून दाजीपुराकडे निघावें, हें आमच्या कुटुंबाला अद्याप शोभेसें वाटत नाहीं. "मोटारी काय कमी आहेत?" हा तिचा प्रश्न! राधानगरीपुढच्या चढावर मला त्याचें उत्तर सांपडतें. मोटारींत ओझें कळत नाहीं. सायकलवर प्रत्येक वस्तु आपली किंमत पोटऱ्यांकडून वसूल करते. तिसऱ्या वळणाला दुसरा सदरा जड होतो, पांचव्याला प्राध्यापकी!

१९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ मध्यें तिघे ती पुरी करून परतले. माझी मजल ती केवढी! अभयारण्याच्या शिवेबाहेर, शेताच्या धन्याला विचारून, मी बांधालगत तंबू ठोकतों. रात्रीं गव्याचा फूत्कार ऐकूं आला कीं पदवी व पगार यांपैकीं कांहींच उपयोगी पडत नाहीं. ती भीति मला हवी असते. वर्गांत मी सदैव जाणता. तिथें नुसता पाहुणा.

गुडघे आतां कुरकुरूं लागले आहेत. हें पाहुणेपण आणखी किती वर्षें लाभेल, कोण जाणे! म्हणूनच यंदाहि दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहतों आहें.